हेडलाइट लावले की तापमानाचा काटा चढतो: मारुती ८००, १९९७

रंकाळावासी

माझ्याकडे १९९७ सालची, कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे. वडिलांनी नवी घेतलेली असल्यामुळे ती विकवत नाही, आणि कोल्हापुरातल्या दुधाळीपासून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीपर्यंत रोजचे जाणे-येणे तिच्यावरच असल्यामुळे ती नुसती दारात उभी ठेवणेही परवडत नाही.

गेल्या हिवाळ्यापासून तिच्या तापमानाच्या काट्याने मला भंडावून सोडले आहे. सकाळी कामावर जाताना काटा निम्म्यावर स्थिर असायचा. संध्याकाळी, विशेषतः अंधार पडल्यावर परतताना, तोच काटा हळूहळू चढून पाऊण भागापर्यंत जायचा. रेडिएटरच्या डब्यातले पाणी कमी होत नव्हते, वाफ कधी दिसली नाही, करपल्याचा वासही आला नाही. एका गॅरेजला दाखवले तेव्हा त्यांनी प्रथम सेन्सर बदलला. फरक पडला नाही, म्हणून कूलंट बदलले. तरीही फरक पडला नाही, तेव्हा थर्मोस्टॅटच (इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला आणि ‘आता गाडी गरम होणेच शक्य नाही’ असे सांगून पैसे घेतले.

आता दिवसा काटा जेमतेम पाव भागावर असतो आणि रात्री निम्म्यावर येतो, म्हणजे चढण्याची खोड जशीच्या तशी राहिली आहे. त्यात भर म्हणून गाडी पेट्रोल जास्त पिऊ लागली आहे आणि ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर फेस दिसू लागला आहे. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचे धड यांच्यामधला पातळ थर) गेले, इंजिन उघडावे लागेल, असे ते गॅरेज आता म्हणत आहे. इंजिन उघडण्याआधी घरी काय काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझ्याकडे एक साधा मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो.

कागलकर

दादा, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या गाडीचा काटा किती मनावर घ्यायचा? माझ्या ओमनीत गेली सहा वर्षे थर्मोस्टॅट नाही आणि काही बिघडलेले नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो लागतच नाही, ती थंड देशांची सोय आहे. फारच काळजी वाटत असेल तर रेडिएटरचा फॅन डायरेक्ट करून घ्या, म्हणजे चावी फिरवली की फॅन सुरू. दोनशे रुपयांत काम होईल.

उद्यमनगर_फिटर

साहेब, कागलकरांचे ऐकण्याआधी थोडे थांबा. काटा चढला म्हणजे इंजिन तापले असा अर्थ लगेच काढायचा नसतो, आणि काटा खोटा आहे असेही गृहीत धरायचे नसते. तुमच्या गॅरेजने तीन गोष्टी बदलल्या, पण इंजिनाचे खरे तापमान एकदाही मोजले नाही. सुरुवात तिथूनच करायला हवी.

लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन मिळवा. ओळखीच्या एखाद्या कारखान्यात असतेच. थर्मोस्टॅटचे घर ॲल्युमिनियमचे असते आणि चकाकणाऱ्या धातूवर ही गन हमखास फसते, तापमान बरेच कमी दाखवते. म्हणून त्या घरावर काळ्या इन्सुलेशन टेपचा दोन बोटे रुंद तुकडा चिकटवा, तो तापू द्या आणि त्या टेपवरच माप घ्या. दिवसा एकदा आणि रात्री काटा चढलेला असताना एकदा, असे दोन आकडे मिळाले की अर्धे काम झाले.

दुसरी तपासणी तारेची. थर्मोस्टॅटच्या घराच्या आसपास दोन वेगवेगळे भाग असतात. एक काट्याचा सेन्सर आणि दुसरा फॅन चालू करणारा स्विच. त्यांची गल्लत होऊ देऊ नका. चावी ऑन ठेवून सेन्सरची तार काढली की काटा ‘सी’वर, म्हणजे थंडच्या खुणेवर, पडला पाहिजे. तीच तार डॅशबोर्डच्या छोट्या बल्बमधून इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवली की काटा चढला पाहिजे. बल्ब मध्ये न घालता थेट टेकवून ठेवण्याची चूक करू नका, त्याने मीटर जळू शकते. काटा दोन्ही वेळेला बरोबर वागला तर मीटर आणि तार ठीक आहेत असे समजा.

सेन्सर नवा बसवताना त्याच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली आहे का, तेही पाहा. हा सेन्सर स्वतःच्या अंगातून अर्थिंग घेतो. टेपमुळे ते तुटले तर काटा कमी दाखवतो. तुमचा काटा जास्त दाखवतो, त्यामुळे ते कारण इथे बसत नाही, पण टेप असेल तर काढून टाका.

आता तीन प्रश्नांची उत्तरे द्या. काटा चढतो तेव्हा शेजारचा पेट्रोलचा काटाही चढतो का? इंजिन बंद ठेवून, नुसती चावी ऑन करून हेडलाइट लावले तरी तो चढतो का? आणि गाडी दुधाळीत असते म्हणता, तर ती २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी होती का?

साखरप्याचा_जावई

वरची चर्चा वाचून माझा अनुभव लिहावासा वाटला, कारण ‘मीटरच खराब आहे’ या एका वाक्याने माझे इंजिन घेतले.

रत्नागिरीहून परतताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो तेव्हा काटा नेहमीपेक्षा जरा वर होता. घाट अर्धा चढून झाल्यावर तो अचानक खाली आला आणि थेट ‘सी’वर जाऊन बसला. आदल्या महिन्यात तो असाच एक-दोनदा पडला होता आणि तार हलवल्यावर नीट झाला होता, त्यामुळे मी निर्धास्त राहिलो. उलट, गाडी थंड झाली म्हणून बरेच वाटले. आंब्याच्या अलीकडे इंजिनाने खडखड सुरू केली, ताकद गेली आणि गाडी तिथेच उभी राहिली.

झाले असे होते की खालचा होज पाइप फाटून सगळे पाणी वाटेत सांडले होते. सेन्सरच्या टोकाला गरम पाणी लागले तरच तो तापमान सांगतो. पाणी संपल्यावर तो रिकाम्या जागेत लटकत राहिला आणि काटा पडला. इंजिन सर्वांत जास्त तापलेले असताना माझा काटा सर्वांत खाली होता. हेड वाकले, उद्यमनगरात फेसिंग करून, म्हणजे त्याचा तळ यंत्रावर सपाट करून घेतले, गॅस्केट बदलले, आणि एवढे करूनही ते इंजिन पुन्हा पूर्वीसारखे चालले नाही.

तेव्हा तार काढून काटा तपासाच, पण रस्त्यात काटा एकाएकी पडला तर गाडी बाजूला घेऊन आधी पाणी पाहा. झाकण मात्र गरम असताना उघडू नका. निदान अर्धा तास थांबा.

ऊसवाहतूक

आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या मीटरला विजेची तारच नाही. इंजिनातून डॅशबोर्डपर्यंत तांब्याची केसासारखी बारीक नळी येते, तिच्या टोकाच्या फुग्यात पटकन वाफ होणारा द्रव असतो आणि त्याच्या दाबाने काटा हलतो. ती नळी एकदा पिचली की संपूर्ण मीटर बदलावे लागते, डाग देऊन भागत नाही. पण लाइट लावल्याने तो काटा हलल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. यावरून तुमचा दोष विजेचा असावा असे मला वाटते. बाकी निर्णय मिस्त्रींनी द्यावा.

रंकाळावासी

सर्वांचे आभार. चार दिवस मोजमाप करून लिहीत आहे.

गन कारखान्यातल्या देखभाल विभागातून एका दिवसासाठी मिळाली. टेप न लावता घेतलेले माप ४१ अंश आले आणि टेपवर ६४ अंश, त्यामुळे मिस्त्रींनी सांगितले नसते तर मी पहिल्याच पायरीवर फसलो असतो. दिवसा महामार्गावर चालवून आणल्यावर ६४ अंश आणि काटा पावावर. रात्री त्याच रस्त्याने, हेडलाइट आणि हवेचा ब्लोअर लावून आणल्यावर ६६ अंश आणि काटा निम्म्यावर. म्हणजे इंजिन दोन्ही वेळा जवळजवळ सारखेच होते, आणि दोन्ही वेळा हवे त्यापेक्षा थंड होते.

तार काढल्यावर काटा ‘सी’वर पडला आणि बल्बमधून टेकवल्यावर चढला. गॅरेजने काढलेला जुना सेन्सर मी डब्यात जपून ठेवला होता. तो पातेल्यातल्या पाण्यात लटकवून, अंग आणि टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून पाहिला. ५० अंशांना १५५ ओहम, ८० ला ५२ आणि उकळीला ३० च्या आसपास. पाणी तापेल तसा रोध बिनचूक उतरत गेला, त्यामुळे जुना सेन्सर ठणठणीत होता असेच म्हणावे लागेल. (पातेले दुधाचे निघाले. त्यावर घरात जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही.)

आता मिस्त्रींच्या प्रश्नांची उत्तरे. पेट्रोलचा काटा अजिबात हलत नाही. इंजिन बंद असताना हेडलाइट लावले तर तापमानाचा काटाही हलत नाही. इंजिन चालू असतानाच चढतो आणि तोही एकदम न चढता अर्ध्या मिनिटात सावकाश चढतो. आणि होय, गाडी २०२१ च्या जुलैमध्ये पुरात अडकली होती. पाणी दाराच्या खालच्या कडेपर्यंत आले होते. गालिचे वाळवले, ऑइल बदलले, गाडी एका फटक्यात सुरू झाली, म्हणून तो विषय आमच्या दृष्टीने संपला होता.

आणखी एक गोष्ट, कदाचित असंबद्ध असेल. सकाळी सेल्फ मारताना इंजिन जड फिरते. त्यासाठी गेल्या दिवाळीत बॅटरी नवी घेतली, पण सुधारणा झाली नाही.

निवृत्त_निदेशक

ती शेवटची गोष्ट असंबद्ध नाही. माझ्या मते संपूर्ण धाग्यातली तीच सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. आयटीआयमध्ये बरीच वर्षे ऑटो-इलेक्ट्रिकल शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण तार म्हटले की धन बाजूची तार डोळ्यांसमोर आणतो आणि परतीची वाट विसरतो. गाडीत परतीची वाट म्हणजे बॉडीचा पत्रा आणि इंजिनाचे ओतीव धड. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेले असते, आणि दोघांना जोडणारी एकच जाड वेणीदार पट्टी असते. तुमची बॅटरीची ऋण केबल बॉडीला जोडली असेल, तर सेल्फचा सगळा प्रवाह त्या पट्टीतूनच जातो. पट्टी गंजली की सेल्फ जड फिरतो, आणि लोक बॅटरी बदलतात.

आता काट्याकडे या. इंजिन चालू झाले की वीज देणारा अल्टरनेटर होतो आणि तो इंजिनाच्या धडावर बसलेला असतो. हेडलाइटचा प्रवाह दिव्यातून बॉडीत येतो आणि अल्टरनेटरकडे परत जाण्यासाठी त्याच गंजक्या पट्टीतून वाट काढतो. तिथे व्होल्ट, अर्धा व्होल्ट खर्च होतो. परिणामी इंजिनाचे धड विजेच्या दाबात बॉडीपेक्षा तेवढे खाली जाते. तुमचा सेन्सर त्या धडावर उभा आहे आणि मीटर बॉडीच्या बाजूने जोडलेले आहे, म्हणून मीटर आणि सेन्सर या जोडीला तेवढा दाब जास्त मिळतो, प्रवाह वाढतो आणि काटा चढतो. तुमचा काटा सावकाश हलतो, याचा अर्थ त्यामागे तापून वाकणारी द्विधातू पट्टी आहे. तिच्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दाबातला लहानसा फरकही डोळ्यांना मोठा दिसतो.

इंजिन बंद असताना काटा का हलत नाही, याचे उत्तरही यातच आहे. तेव्हा वीज बॅटरी देते आणि दिव्यांचा प्रवाह बॉडीतून सरळ बॅटरीत परततो. पट्टीच्या वाटेला तो जातच नाही. पेट्रोलच्या टाकीचा सेन्सर बॉडीवरच अर्थ होतो, म्हणून तो काटा शांत राहतो. दोन्ही काटे एकत्र चढले असते, तर मी डॅशबोर्डच्या मागचे अर्थिंग किंवा तिथला व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, जिथे तो असतो तिथे, तपासायला सांगितले असते.

जाता जाता, कागलकरांच्या सल्ल्याप्रमाणे फॅन डायरेक्ट केला असता, तर विजेचा भार वाढून हा काटा आणखी वर गेला असता. मग गॅरेजने रेडिएटर बदलला असता.

तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा, आणि दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसले तर वाट अडलेली आहे. त्याच वेळी चोकची केबल हाताने चाचपून पाहा. जाड वाट बंद झाली की वीज मिळेल त्या बारीक वाटेने जाते, आणि केबलची लोखंडी नळी कोमट लागते.

कागलकर

निदेशक सर, फॅनचे पटले. पण थर्मोस्टॅट नसल्याने नेमके काय बिघडते ते सांगा. माझी ओमनी चालते आहे.

उद्यमनगर_फिटर

याचे उत्तर वरच्या ६४ अंशांत आहे. थर्मोस्टॅटवर तो कोणत्या तापमानाला उघडू लागतो ते कोरलेले असते, सामान्यतः ८२ किंवा ८८. इंजिनाची घडण त्या तापमानाला धरून केलेली असते. ६४ ला चालणाऱ्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते जास्त लागते आणि थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. ऑइलमधला दमटपणा उडून जात नाही, आणि झाकणाखालचा पिवळा फेस तिथूनच येतो. कूलंट कमी होत नसेल, ऑइलच्या काडीवर फेस नसेल आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ येत नसेल, तर नुसत्या झाकणावरच्या फेसासाठी मी हेड उघडणार नाही. तुमची ओमनी चालते आहे हे खरे, पण ती किती पिते ते एकदा टाकी भरून मोजा.

साहेब, नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तो त्याच पातेल्यात टाकून पाहा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच असल्यामुळे इथे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. ८२ चा असेल तर उकळीच्या आधीच पूर्ण उघडलेला दिसला पाहिजे. बसवल्यावर पाणी भरताना झाकण उघडे ठेवून इंजिन चालू द्या, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाईल. हवा राहिली तर सेन्सर साखरप्याच्या जावयांना दिली तशी थाप तुम्हालाही देईल.

रंकाळावासी

काम झाले. रविवारी सकाळी गाडी पुढून उचलून, खाली लाकडी ठोकळे लावून मी आणि धाकटा भाऊ तिच्याखाली गेलो.

बॅटरीची ऋण केबल बॉडीलाच जोडलेली आहे. ती मूळची दिसत नाही, पूर्वी कोणीतरी बदललेली आहे. बॉडीकडून येणारी वेणीदार पट्टी गिअरबॉक्सला खालच्या बाजूने बोल्टने बसवलेली आहे, म्हणजे पुराचे पाणी जिथे सर्वांत जास्त वेळ राहिले तिथेच. वरून ती धड दिसत होती. बोल्टजवळ बोटाने वाकवली तेव्हा तांब्याच्या तारा हिरव्या भुकटीसारख्या हातात आल्या आणि पंधरा-वीस तारांच्या आधारावर पट्टी लटकत राहिली. बोल्टखालच्या वॉशरमागे वाळलेल्या गाळाचा पापुद्रा होता, तो नखाने निघाला.

पट्टी काढण्याआधी सरांनी सांगितलेले माप घेतले. सेल्फ मारताना बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिन यांच्यात २.६ व्होल्ट. इंजिन चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर ०.९ व्होल्ट. चोकची केबल खरोखरच कोमट लागली. भावाला पटेना, म्हणून त्यानेही हात लावून पाहिला. मग एक प्रयोग केला. जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरे इंजिनाच्या लिफ्टिंग हुकाला लावले आणि हेडलाइट चालूच ठेवले. काटा जसा सावकाश चढायचा तसाच सावकाश उतरला आणि पावावर येऊन थांबला. केबल काढली की पुन्हा चढला. हा खेळ आम्ही तीन वेळा केला, खरे तर एकदा पुरेसा होता.

नवी पट्टी दोन्ही टोकांना पॉलिश पेपरने धातू चकचकीत करून बसवली आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. आता सेल्फच्या वेळी ०.१ व्होल्ट येतो आणि इंजिन पहिल्या अर्ध्या फेरीतच सुरू होते. दिवाळीत काढून दिलेली बॅटरी बहुधा चांगलीच होती.

८२ चा नवा थर्मोस्टॅट पातेल्यात उघडलेला पाहूनच बसवला. पातेले यावेळी स्वतःचे विकत आणले. गन पुन्हा एका दिवसासाठी घेऊन गाडी पन्हाळ्यावर नेली. चढण संपल्यावर टेपवर ९१ अंश होते, काटा निम्म्याच्या केसभर वर होता आणि फॅन एकदा लागून बंद झाला. अंधार पडल्यावर हेडलाइट लावून उतरलो. वाघबीळ ते शिवाजी पूल काटा निम्म्यावरच होता, आणि उसाच्या ट्रॅक्टरमागे पंधरा मिनिटे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतानाही तो हलला नाही.

झाकणाखालचा फेस पुसून ठेवला आहे. आठवडाभर चालवून पुन्हा उघडून पाहीन आणि इथे कळवीन.

साखरप्याचा_जावई

अभिनंदन. पट्टी तयार मिळाली की बनवून घेतली? माझी गाडीही २०१९ च्या पुरात शाहूपुरीत उभी होती.

रंकाळावासी

तयार मिळत होती, पण लांबी कमी पडत होती. लक्ष्मीपुरीतून जुन्या केबलच्या जाडीची तांब्याची वेणी घेतली आणि दोन्ही टोकांना लग दाबून घेतले. लांबी मोजताना इंजिन हलते हे लक्षात ठेवून चार बोटे ढील ठेवा. मी पहिली अगदी ताणून मोजली होती, ती परत करावी लागली.

निवृत्त_निदेशक

आणि पट्टी काढण्याआधी बॅटरीची ऋण केबल सोडायला विसरू नका.